कुणाच्या मांडीवर

केसरने आजवर चारशेच्या वर लग्नं लावली होती आणि त्यातलं एकही बुडालं नाही, असं ती छातीवर हात ठेवून सांगत असे. हे शंभर टक्के खरं नव्हतं. रेवदंड्याच्या एका जोडप्याने सहा वर्षांत एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता, आणि थळचा एक जावई सासूच्या हातचं कालवण जेवून जो पळाला तो अजून पळतच होता. पण केसरचं म्हणणं असं की लग्न म्हणजे होडी. ती गळायचीच. पाणी उपसत राहायचं. गळते म्हणून कुणी ती बुडाली म्हणत नाही.

त्यामुळे मे महिन्यातल्या त्या सकाळी, दिनानाथच्या खळ्यात जवळा उन्हाला पसरलेला असताना, अमिषाने तिच्यापुढे स्टॅम्पपेपर ठेवला आणि म्हणाली, "केसरआत्या, इथे सही कर. धनेशदादाचं लग्न झालंच नव्हतं, एवढंच लिहिलंय." तेव्हा केसरने आधी मागे वळून पाहिलं. दुसऱ्याच कुणा धनेशबद्दल चाललंय की काय, असं तिला वाटलं.

दुसरा धनेश नव्हता. होता तो एकच, तिच्या धाकट्या भावाचा, दिनानाथचा मुलगा, आणि तो बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीखाली बनियनवर उभा राहून पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता.

"झालाच न्हाय?" केसर म्हणाली. "चार दिस माझा घसा बसलेला, तो काय उगाच बसलेला?"

"लग्न झालं गं. पण कायद्याने झालं नाही."

"म्हंजे झाला का न्हाय झाला?"

अमिषाने काळा कोट काढून वलांडीवर, दोन बोंबलांच्या मधे, टाकला. अलिबागच्या कोर्टात उभं राहायला लागून तिला वर्षही झालं नव्हतं, आणि तिचे सगळे अशील आतापर्यंत नातलगच होते. नातलग फी देत नाहीत, वर सल्ला देतात. ती ठमीच्या भावाची, बुधाजीची मुलगी. बुधाजी स्वतः कोपऱ्यात जाळं घेऊन बसला होता आणि एकच गाठ मघापासून सोडत होता.

बाकी कुणी बोलायच्या आत ठमी बोलली. ठमी म्हणजे दिनानाथची बायको, धनेशची आई, आणि हा सगळा घाट घालणारी. "केसरबाय, कराना सही. पोरीने रात रात बसून कागद लिवलाय. धनेशला नवी पोर ठरवलीय, ते नागावच्या सुचिताकरचे थांबतील का? पावसाआधी हलद लागली पाह्यजे म्हंतात."

"आनी ही?" केसरने हनुवटीने दाखवलं.

ही म्हणजे रोवेना. ती खळ्याच्या मधोमध, डोक्याला टॉवेल गुंडाळून, सवयीच्या हाताने जवळा उलटत होती. आठ वर्षांपूर्वी धनेश प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता आणि ही त्याच जहाजाच्या लाँड्रीत. फिलिपिन्समधल्या कुठल्याशा बेटावरची. तो तिला घेऊन घरी आला तेव्हा ठमीने दोन दिवस अन्न सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी पोरीने स्वतःहून सुकट भाजली, तिच्यावर लिंबू पिळलं आणि पुढ्यात आणून ठेवली. तिथे ठमीचा उपास सुटला. दोन वर्षं नांदली. मग तिकडे तिच्या बापाला लकवा मारला आणि ती गेली. इकडे धनेशची जहाजं, मग ती साथ. भांडण असं झालंच नाही. रोजचे फोन आठवड्यावर आले, आठवड्याचे महिन्यावर, आणि महिन्याचे सणावर.

आता ती आली होती ती सोडचिठ्ठीसाठी. दोघांच्या राजीखुशीने. परवा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरली तेव्हा तिच्या हातात दोन किलोची पिशवी होती आणि त्यात तिच्या बेटावरची सुकी मासळी. कोळीवाड्यात सुकी मासळी आहेर म्हणून आणणारी ती पहिलीच. ठमीने वास घेऊन नाक मुरडलं आणि दोन दिवसांत अर्धी पिशवी संपवली.

"हे बघ आत्या," अमिषाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "हिंदू विवाह कायद्यात नवरा नवरी दोघंही हिंदू लागतात. रोवेनाभाबी ख्रिश्चन. वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना लग्न करायचं तर त्याला वेगळा कायदा आहे. महिनाभर आधी नोटीस द्यायची, मग अधिकाऱ्यासमोर सह्या करायच्या. आपण तसं काहीच केलं नाही. म्हणजे हे लग्न मुळापासूनच रद्द. मग जे झालंच नाही ते मोडायचं कसं? कोर्टाला एवढंच सांगायचं की घरगुती समारंभ होता. केसरआत्याने गाणी म्हटली, लोक जेवले आणि घरी गेले."

"गानी," केसर म्हणाली.

शब्द साधा होता, पण खळ्यातले सगळे जरा सावरून बसले. कोळ्याच्या लग्नात भटजी आला तर आला. लग्न लावते ती धवलारीण. ती धवले गाते आणि तिच्या गाण्याच्या शब्दाबरहुकूम एकेक विधी होतो. ती थांबली की मांडव थांबतो. केसरच्या आईने दिनानाथ आणि ठमीचं लग्न लावलं होतं, केसरने बुधाजीचं. त्याला गाणी म्हणायचं म्हणजे देवीच्या पालखीला फर्निचर म्हणण्यापैकी होतं.

दिनानाथला मात्र वेगळंच काही सुचलं होतं. तो प्लास्टिकच्या क्रेटवरून अर्धवट उठला. "म्हंजे अमिषा, माझा आनी ठमीचापन लगीन गान्यावरच झालेला. मंग मी पन मोकला का?"

ठमीने जवळा लोटायचा झाडू उचलला.

"तुमचं पक्कं आहे," अमिषा घाईने म्हणाली. "तुम्ही दोघं हिंदू. जातीचा जो रिवाज असेल तो कायदा मानतो. धवलारणीने लावलेलं लग्न चालतं."

दिनानाथ पुन्हा क्रेटवर बसला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आलेली आशा अशी मावळली.

"बघ, चालतंय!" केसर म्हणाली.

"त्यांचं चालतं. यांचं नाही चालत."

केसर उठली आणि तडक शेजारच्या आपल्या घरात गेली. परत आली ती प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद घेऊन. तिच्या पेटीत लुगड्यांच्या खाली तो असे. ग्रामपंचायतीतला लग्नाच्या नोंदीचा फॉर्म, त्याची नक्कल. त्यात एक रकाना होता, 'पुरोहिताची सही'. त्या दिवशी कारकून पेन हातात धरून घुटमळला होता. केसरने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं होतं आणि शाळेत तिसरीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात लिहिलं होतं, केसर हिरामण कोळी, धवलारीण. अंगठा नव्हे, सही. सरकारच्या कागदावर तिची ही एवढी एकच सही होती.

"ह्याच्यावर मी लिवलाय, लगीन लावला म्हनून. आता त्याच्यावर लिवू, लावला न्हाय म्हनून? मंग खरी केसर कंची? तवाची का आताची?"

"आत्या, नोंदणी झाली म्हणून लग्न खरं ठरत नाही."

"मंग कशाने ठरतंय?"

अमिषाने कपाळाला हात लावला. हा प्रश्न परीक्षेत पाच मार्कांना आला असता तर तिने दोन पानं लिहिली असती.

ठमीला वाटलं, आता आपण हात घालावा. "केसरबाय, इथं कुनाचा नुकसान हाय? धनेश मोकला, आनी ही पन मोकली. तिलापन तेच पाह्यजे."

"मी मोकली न्हाय होत, आये," रोवेना म्हणाली.

ती झाडू टेकवून उभी राहिली. तिचं मराठी ठमीने आणि खळ्याने शिकवलेलं होतं. त्यात शिव्या आणि माशांची नावं एकदम शुद्ध होती, बाकीचं वाट काढत काढत यायचं. "आमच्या देशात डिव्होर्स न्हाय."

"अजिबात न्हाय?" दिनानाथने विचारलं.

"न्हाय."

"शहाना देश," ठमी म्हणाली, नवऱ्याकडे बघत.

"पन नवरा फॉरेनचा असला, आनी त्याने त्याच्या कोर्टात डिव्होर्स घेतला, तर तिकडे बायकोला पन सोडतात. माझा तिकडचा वकील बोलला, हाच कागद आन. लगीन झालाच न्हाय असा कागद आनला तर तिकडे पयल्यापासून केस. किती वरसं, कोन सांगेल?"

दिनानाथने आपल्या मुलाकडे निरखून पाहिलं. बनियन, हाफपँट, केसांत जवळा. "ह्यो फॉरेनचा?" तो पुटपुटला.

"तिकडचं तिकडे बघता येईल भाबी," अमिषा म्हणाली, पण पहिल्याइतकं जोरात नाही.

"आनी अमिषा," रोवेनाने टॉवेलने तोंड पुसलं, "मी दोन वरसं इथे होती. ह्या आंगनात मना हलद लागली. सकाली आयेबरोबर जवला पसरला. आयेला ताप आला तवा मी बाजारात बसली, लोकांनी माझ्याकडून मासली घेतली. ते सगला काय होता मग?"

ठमीने जवळ्यावर उतरलेले कावळे हाकलले. केसरला वाटलं, आपण इतका वेळ आपल्या सहीसाठी भांडत होतो, आणि ही पोर उन्हात उभी राहून स्वतःची दोन वर्षं मागते आहे.

ती धनेशकडे वळली. "तू बोल. कवापासनं माती उकरतंस. तुला मोडाचा हाय?"

धनेशने मान वर केली. घरात तो फार बोलत नसे, कारण ठमी दोघांचं मिळून बोलत असे. "मोडायचं आहे, आत्या. तिला बापाला टाकून येता येत नाही. मला तिकडे जाऊन राहणं जमलं नाही. आम्ही दोघांनी खूप वाट बघितली. तिकडे तिला आता कुणीतरी चांगला माणूस भेटलाय, मला माहिती आहे." मग तो अमिषाकडे बघून म्हणाला, "मोडा. पण झालं नव्हतं असं नका म्हणू."

आणि इथे ठमी फिरली. वारा फिरावा तशी, काही न सांगता. तिने झाडू आपटला. "खरा हाय! झालाच न्हाय तर माझ्या घरात दोन वर्सं ही काय म्हनून राह्यली? भाडेकरू म्हनून? उद्या सुचिताची आय इचारेल, तुमचा पोर बिनलग्नाचा बाईबरोबर राह्यला का गो? मी काय तोंड दाखवू? फाड तो कागद!"

"ठमीआत्या, तूच म्हणालीस लवकर पाहिजे!" अमिषा ओरडली.

"मी म्हटला लवकर. खोटा म्हटला का?"

"खोटं नाहीये ते! ती ख्रिश्चन होती ना लग्नाच्या वेळी?"

"कोन म्हंतंय?" केसर म्हणाली.

तिने पदर खोचला आणि ती पाटावर नीट बसली. धवला घालायला बसते तशी. "तू तवा पुन्याला परीक्षेला होतीस, तुला ठावं न्हाय. परक्या घरची पोर मी अशीच मांडवात उभी करीन का? आधी तिला आपल्यात घेतली. तिच्याच तोंडाने इचारून घेतली, जबरदस्ती न्हाय. एकवीरेचा भंडारा कपालाला लावला. मंग बापाच्या मांडीवर बसवली, आनी बापाने तिला दिली. मांडीवरची लेक झाली, मंगच मी गल्याला सूर लावला."

अमिषाचं पेन हवेतच राहिलं. "थांब, थांब. मांडीवर घेतली? सगळ्यांसमोर?"

"सगल्या वाड्यासमोर."

"आणि नंतर? आपल्यासारखी राहिली?"

"नवरात्र केला," ठमी म्हणाली. "दर्याला नारल दिला. माझ्यापेक्षा चांगला केला. मी तरी दुपारचा च्या पिते."

"भाबी, तू मनापासून केलंस हे?"

"हां," रोवेना म्हणाली. "मना कोनी विचारला न्हाय म्हनून मी बोलली न्हाय."

अमिषा उठून उभी राहिली. तिचा चेहरा बदलला. सकाळपासून पहिल्यांदा ती नातलग दिसेनाशी झाली आणि वकील दिसू लागली. "आत्या, अगं, हिंदू व्हायला अमुकच एक विधी पाहिजे असं कायद्यात कुठे नाही. मनापासून स्वीकारलं, समाजाने आपलं मानलं, माणूस तसं वागलं, तर कोर्ट ते धरतं. म्हणजे हे लग्न उभं राहतंय! मग घटस्फोटही होईल. तिला पाहिजे तो कागद मिळेल." ती वही शोधू लागली. "फक्त सगळं नीट लिहू दे. मांडीवर घेतली. कुणाच्या मांडीवर?"

प्रश्न सोपा होता. पण त्यासरशी सगळ्यांच्या माना एकदम पडवीकडे वळल्या.

पडवीच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. चांगला दोन फुटी, सोनेरी चौकटीतला. त्यात रोवेना हळदीने पिवळी होऊन, तोंडावर हात धरून हसत बसली होती, आणि ती ज्याच्या मांडीवर बसली होती तो टोपी तिरकी करून कॅमेऱ्याकडे दात काढून पाहत होता. तो दिनानाथ होता.

अमिषा फोटोजवळ गेली. चष्मा वर केला, खाली केला.

"हा तर नवऱ्याचा बाप," ती हळूच म्हणाली.

"हा तर मी," दिनानाथ म्हणाला.

"तुमच्या मांडीवर? म्हणजे ही तुमची लेक? म्हणजे धनेशदादाची बहीण?" अमिषाचा आवाज चढत गेला. "ख्रिश्चन धरली तर लग्न रद्द. मांडीवरची लेक धरली तर भावाबहिणीचं लग्न! तेही रद्द! हा फोटो कोर्टात गेला तर—"

दिनानाथने उडी मारली. पस्तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाच्या चपळाईने त्याने फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. "मना काय ठावं? केसरबाय ओरडली, बाप कोन, बाप कोन. घरात बाप मीच होतो. बसलो!"

"किती पिऊन बसलेलास तेपन सांग," ठमी म्हणाली.

धनेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. रोवेनाला अर्धं कळलं होतं, अर्धं कळत होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"त्यो फोटो अर्धा हाय," केसर शांतपणे म्हणाली. "ह्यो बसला, फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. मी धवला थांबवला. म्हटला, आरे मेल्या, तू नवऱ्याचा बाप, ऊठ! पोरीला हाताला धरून उठवली आनी दुसऱ्या मांडीवर बसवली. मंग पुढचा गायली."

"कुणाच्या?"

"ज्याची मांडी त्याने बोलावा."

ठमीने तोंड उघडलं, तशी केसरने तिला हाताने थांबवलं.

"व्हिडिओ आहे ना!" धनेशला आठवलं. त्याने मोबाइलवर लावला. सगळे त्याच्याभोवती जमले. पण व्हिडिओवाल्याने केसरचा आवाज साफ काढून टाकला होता आणि वर सिनेमाची गाणी चढवली होती. दिनानाथ मांडी घालून बसताना दिसला, मग दोन्ही बाजूंनी गुलाबी हृदयं उडत आली आणि त्यांनी सगळा मांडव झाकून टाकला. हृदयं विरली तेव्हा नवरी पाटावर होती आणि लोक जेवत होते.

"याला दहा हजार दिले," ठमी म्हणाली.

केसर व्हिडिओ बघत नव्हती. ती बुधाजीकडे बघत होती. बुधाजी ती एकच गाठ अजून सोडत होता, आणि मान इतकी खाली घातली होती की टोपी जाळ्यात पडायची बाकी होती. केसरला आधी राग आला. इतक्या वर्षांचा सोयरा आणि तोंडातून शब्द काढत नाही! मग तिला दिसलं की तो मधूनमधून वलांडीवरच्या काळ्या कोटाकडे बघतो आहे. अलिबागला मासळी विकून झाली की हा कोर्टाच्या फाटकासमोर टोपली टेकून उभा राहतो, मुलगी आत जाताना दिसावी म्हणून, हे साऱ्या वाड्याला ठाऊक होतं. मुलीने लिहिलेल्या कागदाच्या विरुद्ध बोलायला त्याची जीभ उचलत नव्हती. आपण बोललो आणि ती चुकली असं झालं तर!

त्याच्याने होणार नाही, हे केसरला कळलं. तिने डोळे मिटले आणि भर दुपारी, सुकत्या जवळ्याच्या वासात, धवल्याचा सूर लावला.

"कोन बाप मिरवतंय मांडवाच्या दारी,
बुधाजी बाप मिरवतंय, लेक मांडीवरी.
कोन आय पुसतंय डोल्याचा पानी,
सोनाबाय आय पुसतंय, लेक गो शहानी."

प्रत्येक लग्नाचा धवला निराळा असतो. बाप कोण, आई कोण, मामा कोण, सगळी नावं त्यात गुंफायची असतात, आणि केसर चारशे लग्नांतलं एकही नाव विसरली नव्हती. व्हिडिओवाल्याने आवाज काढून टाकला होता तो मोबाइलमधून. केसरच्या गळ्यातून तो कोण काढणार?

सोनाबाईचं नाव आलं तसं बुधाजीच्या हातातलं जाळं सुटलं. सोनाबाई त्याची बायको, अमिषाची आई. जाऊन पाच वर्षं झाली होती.

"मी बसलेलो," बुधाजी म्हणाला. "मी बरफ आनाला गेलेलो, तवर ह्यो दिन्या बसला. मंग मी आनी तुझी आय बसलो, अमिषा. तुझ्या आयलाच लय हौस. म्हनाली, एक पोर पुन्याला हाय, एक तरी मांडीवर असूंदे."

"बाबा! मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"तू कागद लिवलास," तो म्हणाला. "मी म्हटला, पोरगी शिकलेली हाय, तिला सगला ठावं असेल. बापाने मधी तोंड घालून तिचा कागद खोटा कराचा का?"

अमिषाने त्याचं सुटलेलं जाळं उचलून त्याच्या हातात दिलं. मग वकिलीत शिरून घसा साफ केला. "ठीक आहे. पण तोंडी सांगून कसं चालेल? काहीतरी पुरावा पाहिजे. नंतरही तुम्ही बाप आणि ती मुलगी म्हणून वागलात असा."

रोवेनाने टॉवेलाला हात पुसले, फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

दर वर्षी जूनमधल्या एका रविवारी तिने बुधाजीला वडिलांच्या दिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. आठ वर्षं, एकदाही न चुकता. त्याची उत्तरंही होती. एकदा गुलाबाचं फूल, शुभ सकाळ. एकदा उगवता सूर्य, शुभ सकाळ, रात्री नऊ वाजता पाठवलेला. एकदा नुसता एका मोठ्या पापलेटाचा फोटो, बहुतेक अभिमानाने. अमिषा हसत हसत वर सरकवत गेली आणि एका जागी थांबली. तिथे आवाजाचा निरोप होता. तिने तो लावला. समुद्राच्या वाऱ्यात बुधाजीचा फाटका आवाज आला, "तुझी आय गेली गो, पोरी." पुढे नुसता वाराच होता.

अमिषाने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "चालेल," ती म्हणाली. "पुरावा म्हणून चालेल." आणि मग ती रोवेनाच्या खांद्यावर डोकं टेकून इतकी रडली की तिचा हिशेब धरला तर कुठल्याही कोर्टाने त्या दोघींना बहिणी ठरवलं असतं. केसरनेही डोळे पुसले. सोनाबाई तिची मैत्रीण होती.

दिनानाथ अजून फोटोला पाठ लावून उभा होता. त्याचा हिशेब आता कुठे पुरा झाला. "पन थांबा! बुधाजी धनेशचा मामा. ही बुधाजीची लेक. म्हंजे मामेबहीन. परत बहीनच की!"

"आरे वेड्या," केसर म्हणाली, "मामाच्या पोरीवर तर आपल्यात पयला हक्क. म्हनून तर मी बुधाजीची मांडी निवडली. मी काय हाताला लागंल त्याला बसवते का?"

"रिवाज असेल तर कायदा ते चालवून घेतो," अमिषा नाक पुसत म्हणाली. "आत्या, तुला हे तेव्हा माहिती होतं?"

"मना कायदा काय ठावं? मना लगीन लावाला येतंय."

दिनानाथने फोटो पुन्हा सरळ केला. आता त्यात तो चोर दिसत नव्हता, फक्त मूर्ख दिसत होता, आणि त्याची त्याला सवय होती.

अमिषाने जुना स्टॅम्पपेपर बाजूला सारला आणि वहीत नवा मजकूर लिहायला घेतला. लग्न झालं. रिवाजाप्रमाणे झालं. आता दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज. "सहसा सहा महिने थांबावं लागतं बरं का. विचार बदलला तर म्हणून कोर्ट वेळ देतं. पावसाआधी हळद काही होत नाही."

सगळ्यांनी ठमीकडे पाहिलं. ठमीने जवळ्याचा मूठभर चुरा उचलून कावळ्यांवर भिरकावला. "मंग थांबू. सुचिताच्या आयला मी बघते. सून म्हनून आली, सून म्हनून जाऊंदे."

"आणि कायद्याने नवरा बायकोचं नातं तुटतं," अमिषा म्हणाली. "माहेर तुटत नाही."

बुधाजीने हे ऐकलं आणि टोपी नीट केली.

मग अमिषाने वही केसरपुढे धरली. 'हे लग्न मी लावले' असं वर लिहिलं होतं आणि खाली सहीची जागा. हेच तर केसरला पाहिजे होतं. सकाळपासून ती याच एका वाक्यासाठी भांडली होती. पण पेन हातात घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की लग्न खरं ठरवायचं ते मोडता यावं म्हणून. चारशेतलं हे पहिलं. आणि ते तिच्याच सहीने. तिचा हात कागदावर आला आणि थांबला.

"बुडाली गो ही होडी," ती रोवेनाला म्हणाली. "माझी पयली."

रोवेना तिच्याशेजारी वाळूत बसली. पलीकडे खाडीच्या काठाला माणसं पावसाळ्यासाठी होड्या ओढून वर घेत होती, हैसा हैसा करत. ती तिकडे बघत म्हणाली, "बुडली न्हाय, आत्या. वर घेतली."

केसरने एकदा त्या होड्यांकडे पाहिलं. मग सही केली, पुरी, एकही काना न विसरता. केसर हिरामण कोळी, धवलारीण.

ठमी भात टाकायला उठली. बुधाजी म्हणाला, आज पोर माझ्याकडे जेवेल, माहेरी. ठमी म्हणाली, अजून सहा महिने ती माझी सून हाय, इथेच जेवेल. दोघं बहीण भाऊ यावरून हमरीतुमरीवर आले. केसरने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती रोवेनाजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "तुझा तिकडचा मानूस. नाव काय त्याचा?"

"रोडेल."

"आयचा नाव?"

"लुझ."

केसरने दोन्ही नावं तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिली. एकदा सुरात, एकदा बिनसुरात. बसत होती. "फोनवर तोंड दिसतंय ना हल्ली? घालीन मी तुझा धवला इथूनच. तुझा बाप कोन, आय कोन, ते ठावं हायच मना." मग काहीतरी आठवून तिने मान वर केली आणि सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पन या टायमाला नवरा कुनाच्या मांडीवर बसवाचा ते आधीच ठरवून ठेवा."

दिनानाथ उठला आणि कुणी काही विचारायच्या आत होड्या ओढायला निघून गेला.